उकळलेल्या बासुंदीचा रिपोर्ट

दादरच्या एका हॉलच्या मालकाने मला फसवलं. सरांनी चार पानांचा रिपोर्ट लिहिला होता. त्यातलं पहिलं पान त्याने लोकांना दाखवलं आणि उरलेली तीन दाबून ठेवली. फसवणूक एवढीच. पण ती कशी जमली हे सांगायचं तर आधी सर सांगावे लागतील, कारण पहिल्या पानावर त्याला हवं ते वाक्य लिहिलं कोणी, तर सरांनीच. मी नको नको म्हणत असताना लिहिलं.

मी लालबागला जेवणाच्या ऑर्डरी घेते. दोन स्टोव्हांवर डबे करण्यापासून सुरुवात केली, आता स्वतःचा गाळा आहे, हाताखाली नऊ माणसं आहेत आणि दुपारी समोर चार टेबलं लावून राइसप्लेटही देते. सर पहिल्यांदा तिथेच आले. बुटका माणूस, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं. ताट समोर ठेवल्यावर त्यांनी त्यातलं एक पेन काढलं आणि भातात खुपसलं. ते पेन नव्हतं, थर्मामीटर होता.

मी गल्ल्यावरून म्हटलं, "ओ काका, ताप आलाय काय भाताला?"

"यायला हवा होता. उतरलाय," ते म्हणाले. "कधी शिजला?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे किती वाजता?"

"तुम्हाला जेवायचं नसेल तर उठा. मागे माणसं उभी आहेत."

ते उठले, पैसे दिले, भाताला हात न लावता गेले. दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला हजर. "आत्ता उतरवला असेल," म्हणाले आणि ताट चाटूनपुसून जेवले. पुढे आठ वर्षं ते अकरालाच जेवत. बाकीची माणसं जेवण कसं झालंय विचारतात. सर कधी झालंय एवढंच विचारत.

त्यांची सगळी नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत गेली. कुठे जेवणातून विषबाधा झाली की उरलेलं अन्न त्यांच्या टेबलावर यायचं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या लग्नांतलं, बारशांतलं, तेराव्यांतलं उष्टं तपासलं. अशा माणसाची जिभेवरची वासना उडाली तर नवल नाही. फणसवाडीत एका खोलीत एकटे राहत. लग्नाला गेले तर तेलातून समोर काढलेला पापड आणि सोलून न दिलेलं केळं, याखेरीज काही घेत नसत. वाडीतल्या लोकांनी त्यांना सत्यनारायणाला बोलावणं सोडलं होतं, कारण ते गुरुजींच्या देखत विचारायचे, "शिरा किती वाजता केलात?"

कोणी नमस्कार केला की ते आधी बोटं बघत. चेहरा मागाहून. भाच्यासाठी मुलगी पाहायला गेले होते, तेव्हा पोहे घेऊन आलेल्या मुलीच्या बोटाला पट्टी दिसली. सरांनी पोहे परत पाठवले आणि तिथल्या तिथे मुलगी पसंत असल्याचं सांगितलं. लग्न झालं. ती सून अजून त्यांच्यावर रागावलेली आहे म्हणे.

मला ते कधीकधी शिकवत. ऐकणारं दुसरं कोणी नसावं. "बाई, ज्याला वास येतो ते अन्न प्रामाणिक. खाऊ नको म्हणून आधीच सांगतं. माणसं आडवी करतं ते ज्याला वासही येत नाही आणि चवही बदलत नाही." जंतू आणि जंतूचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला त्यांच्याकडूनच कळलं. हाताच्या फोडातला जंतू दुधात पडला, दूध चार तास कोमट राहिलं, की तो त्यात विष करून ठेवतो. मग दूध उकळा. जंतू मरतात. विष बऱ्यापैकी तसंच राहतं.

"म्हणजे उकळून उपयोग नाही?" मी विचारलं होतं.

"चोर पकडून मारलात, बाई. त्याने विहिरीत टाकलेलं विष कसं निघणार?"

आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरीचा नैवेद्य आधी काढतात. माझ्या सासूची पद्धत. वाढप सुरू होण्याआधी केळीच्या पानाच्या तुकड्यावर सगळ्याचं थोडं थोडं. सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "देवाला काढता तसं माझ्यासाठीही काढा. स्वच्छ डब्यांत. वर वेळ लिहून चिकटवा. फ्रिजमध्ये तीन दिवस. ताटात जे जे पडेल ते ते. तुमचं असो की दुसऱ्याचं."

"तीन दिवस? माझा फ्रिज काय तुमची लॅब आहे? एक दिवस ठेवते."

"तीन."

"दीड. चला, दोन."

 दादरच्या भाजीवाल्यांना मी रडवलेलं आहे. त्यांच्या दहा वाक्यांना माझी वीस तयार असतात. पण जो माणूस आपला भाव एकदा सांगून नुसता बघत बसतो त्याच्याशी भांडायचं कसं? मी तीन दिवस ठेवायला लागले. माझी जाऊ माझ्याबरोबर स्वयंपाकघर सांभाळते. ती त्या डब्यांना "सरांचो निवद" म्हणायची.

आता हॉलचं. तिथला नियम असा होता की जेवण बाहेरच्या केटररचं चालेल, पण गोड हॉलचंच घ्यायचं. तो साखरपुडा होता. मुलाकडचे वरळीचे, मुलीकडचे दादरचेच. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, अळूचं फदफदं माझं. बासुंदी हॉलची. पंगत दीडला बसली. साडेतीनला मुलाची आत्या बाकावर वाकली. चारपर्यंत बाथरूमसमोर रांग होती, साडेचारला माणसं टॅक्सीतून दवाखान्यात न्यावी लागली. त्यात मुलाची वहिनी होती, सातवा महिना. तिच्या आईने मला दवाखान्याच्या पॅसेजमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "तुमच्या हातचं म्हणून आम्ही निर्धास्त जेवलो हो." ओरडली असती तर मी उलटं ओरडले असते. ती हळू बोलली.

मी तिथूनच सरांना फोन लावला.

"पहिली उलटी किती वाजता?" त्यांनी हॅलोच्या आधी विचारलं.

"साडेतीन."

"जेवण?"

"दीड."

"ताप आहे कोणाला?"

"नाही. उलट अंग गार पडलंय."

"दोन तासांत म्हणजे विष तयारच होतं. पोटात जाऊन जंतूला एवढ्यात काही करता येत नाही. दुधाचं काय होतं?"

"बासुंदी. हॉलची."

"वाढणाऱ्यांचे हात पाहिलेत?"

मी म्हटलं, नाही. हे खोटं होतं. त्यावर पुढे येते.

"बासुंदीचा डबा फ्रिजमध्ये आहे ना? कोणाला हात लावू देऊ नका."

डबे माझ्या माणसांनी दुपारीच गाळ्यावर नेले होते; मी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. हॉलच्या मालकाने एव्हाना बासुंदीचं पातेलं घासून पालथं घातलं होतं हे मला वाटेतच कळलं. तपासायला सरकारी माणसं आली तेव्हा त्यांना माझी भाजी आणि माझा भात तेवढा मिळाला. म्हणजे बासुंदी आता जगात एकाच ठिकाणी उरली होती, माझ्या फ्रिजमधल्या एका डब्यात. मी डबा काढला. तो कोमट होता.

जाऊ म्हणाली, "दुधाचा होता, आंबात म्हणान मीच उकळी काढलंय. तुका फोन लावलंय तर लागाक नाय."

तिचा दोष काय काढू? आमच्या घरात दुधाचं काहीही रात्रभर ठेवायचं तर आधी उकळी काढतात. तिच्या आईने काढली, माझ्या आईने काढली. तरी मी तिला नाही नाही ते बोलले. ती रडत म्हणाली, "वायट झाला नसता तर माका शाबासकी दिली असतंस."

सर डबा न्यायला स्वतः आले. उकळीचं ऐकून खुर्चीत बसले. मला वाटलं, संपलं. ते म्हणाले, "जंतू आता सापडणार नाहीत. विष सापडेल कदाचित. उकळीने थोडं कमी होतं. कधी कधी इतकं, की आमच्या तपासणीत दिसतच नाही. तुम्ही आशा धरू नका, मीही धरत नाही."

त्यांच्या एका विद्यार्थ्याची परळला लॅब होती. सरांनी आधी जंतू वाढवून पाहायच्या ताटल्या लावल्या. दोन दिवस झाले, ताटल्या कोऱ्या. विषाच्या तपासणीचं सामान बाहेरून मागवावं लागलं, ते तिसऱ्या दिवशी आलं. तोवर माझा गाळा चौकशी होईपर्यंत बंद करायला लावला होता आणि हाताशी असलेल्या चार ऑर्डरी फिरल्या होत्या. हॉलचा मालक दोन्ही घरच्यांना सांगत होता की बाईच्या बटाट्यातच काहीतरी होतं.

ती तपासणी मी डोळ्यांनी पाहिली. अंगठ्याएवढे खळगे असलेली प्लास्टिकची पट्टी. खळग्यात बासुंदीचं गाळलेलं पाणी, पुढच्यात तेच निम्मं पातळ करून, त्याच्या पुढच्यात आणखी पातळ. शेजारी एका ओळीत नुसतं मिठाचं पाणी, दुसऱ्या ओळीत खरं विष घातलेलं. मग सगळ्यांत एक पांढुरका थेंब. त्या थेंबात इतके बारीक मणी असतात की दिसत नाहीत, आणि त्यांना या विषाला चिकटायची सवय लावलेली असते. विष नसेल तर मणी तळाशी मोहरीएवढा ठिपका होऊन बसतात. विष असेल तर ठिपका होत नाही, तळभर साय पसरल्यासारखे दिसतात.

"आता उद्या याच वेळेला," सर म्हणाले. "टेबलाला धक्का लावू नका. तिथे उसासेही टाकू नका."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी जाऊन बसले. सर आले, हात धुतले, चष्मा पुसला, पुन्हा हात धुतले. मी तासभर ताटकळले होते आणि हा माणूस नखांतून ब्रश फिरवत होता. मग पट्टीखाली काळा कागद सरकवून ते वाकले. मिठाच्या ओळीत ठिपके. खऱ्या विषाच्या ओळीत साय. आमच्या ओळीत पहिल्या दोन खळग्यांत साय, तिसऱ्यात अर्धवट, पुढे ठिपके.

"आहे," मी म्हणाले. "आहे ना? सर, आहे ना?"

"आज एकदा दिसलं. उद्या परत दिसलं तर आहे म्हणेन."

ते उद्याही दिसलं. माझा भात, माझी भाजी, माझी पुरी, माझं फदफदं, चारही डब्यांतलं त्यांनी तसंच तपासलं. सगळीकडे ठिपके. मी त्या ठिपक्यांना हात जोडले. सर म्हणाले, "त्यांना कशाला? वेळेवर उतरवलंत, वेळेवर झाकलंत, म्हणून." आठ वर्षांत त्यांनी मला दिलेली ही एकच शाबासकी.

मग रिपोर्ट लिहायला बसले आणि भांडण झालं.

"नमुना तपासणीपूर्वी उकळण्यात आला होता, हे पहिल्या पानावर येईल," ते म्हणाले.

"लिहूच नका ना, सर. विष सापडलं की नाही? मग?"

"उकळला की नाही?"

"बरं, लिहा. शेवटच्या पानावर, खाली."

"पहिल्या."

"तिसऱ्या पानावर, मध्ये. वाचणारा वाचेल."

"जे माझ्या विरुद्ध जाऊ शकतं ते मी पहिल्या पानावर लिहितो. नोकरीत असल्यापासून." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पहिलं पान असं झालं: नमुना उकळलेला होता, जिवंत जंतू आढळले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर विष, कोणत्या प्रकारचं, किती पातळ करेपर्यंत दिसलं, दोनदा कसं पाहिलं. चौथ्यावर केटररच्या चारही पदार्थांत ते नाही. चारही पानांवर सही.

मी स्वतःला हुशार समजते. त्या दिवशी मी गाढवासारखी चारही पानांची झेरॉक्स घेऊन मालकाच्या टेबलावर आपटायला गेले, त्याचं तोंड बघायचं होतं म्हणून. त्याने शांतपणे वाचलं, मला चहा विचारला, कागद ठेवून घेतले. संध्याकाळी दोन्ही घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिल्या पानाचा फोटो पडला. खाली त्याचा मजकूर: बाईंच्याच माणसाचा रिपोर्ट आहे, बासुंदीत जंतू नाहीत, शिवाय बाईंनी नमुना घरी नेऊन उकळला, का उकळला ते त्यांनाच विचारा. मी उरलेली पानं त्या घरच्यांना पाठवली. कोणी उघडलीसुद्धा नाहीत. वहिनीच्या आईने माझा नंबर ब्लॉक केला. वहिनी आणि बाळ सुखरूप राहिले, हे मला तिसऱ्याकडून कळलं.

मी फणसवाडीच्या जिन्यात उभी राहून सरांवर ओरडले. वाडी ऐकत होती. "तुमच्या खरेपणाने मला खाल्लं," म्हटलं. "तो हरामखोर सुटला आणि मी भोगतेय. आणि ज्याने बासुंदी ढवळली त्याच्या अंगठ्याला चिंधी होती, पिवळी पडलेली, माझ्या डोळ्यांदेखत बुडत होती."

सर दारात उभे होते. "पाहिलंत तुम्ही?"

मी मान डोलावली.

"फोनवर नाही म्हणालात."

"त्याचा माल, त्याची जबाबदारी. तेव्हाच त्याच्याशी पुढच्या सीझनच्या तारखा बोलत होते. मध्येच त्याच्या आचाऱ्याची चिंधी कुठे काढू?"

त्यांनी मला सुनावलं नाही. आत गेले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चला."

हॉलवर त्या दिवशी कोणाची तरी साठी होती. सर सरळ मुदपाकखान्याच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "सगळ्यांनी हात दाखवा." त्या आवाजात असं काही होतं की दोघातिघांनी खरंच हात पुढे केले. मालक धावत आला.

"काका, तुमच्याच सहीचा कागद आहे माझ्याकडे."

"सह्या चार आहेत. तुम्ही एक वाचलीत."

"आम्ही साधी माणसं. पहिल्या पानावर समजलं, पुढचं कशाला वाचू?"

"बासुंदी कोण ढवळत होतं त्या दिवशी? अंगठ्याला जखम असलेला?"

"असा कोणी नव्हता. कोण म्हणतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मालकानेही पाहिलं. दादरमधल्या आणखी तीन हॉलांत त्याचे भाऊबंद आहेत, चौकशी संपून माझा गाळा नुकताच पुन्हा उघडला होता, हाताखाली नऊ घरं. मी म्हणाले, "चला सर, तमाशा नको." वॉचमनने सरांच्या दंडाला धरून त्यांना फुटपाथवर आणलं. त्यांचा थर्मामीटर खिशातून पडून फुटला. ते वाकून काचा गोळा करत बसले, कोणाच्या पायात जातील म्हणून.

टॅक्सीत ते एवढंच म्हणाले, "मी जे पाहिलं ते चार पानांत लिहिलं. पाचवं पान तुमचं आहे, बाई. लिहून द्या, मी त्याला जोडतो."

मी हो म्हटलं. पुढे ते अकराला जेवायला येत राहिले. ताट ठेवलं की माझ्याकडे बघत आणि बघतच राहत. मी त्यांना आमटी वाढे, लिंबू देई, मागतील ते देई. पान देत नव्हते. सहा महिन्यांनी ते झोपेत गेले. भाच्याने फोन केला तेव्हा माझा पहिला विचार काय आला तर, आता कोणी मागणार नाही. त्या विचाराची मला अजून शरम वाटते.

तर हे पाचवं पान. त्या दुपारी एकच्या सुमाराला हॉलच्या मुदपाकखान्यात मी उभी होते. बासुंदीचं पातेलं सकाळपासून बंद शेगडीवर होतं, त्याला हात लावून मी पाहिलं, कोमट होतं. निळा बनियन घातलेला माणूस सकाळपासून ते डावाने ढवळत होता. त्याच्या उजव्या अंगठ्याला चिंधी होती आणि ती ओली होती. वाढायच्या आधी त्याने शेगडी पेटवून पातेल्याला उकळी आणली. जंतू मेले ते तिथेच, माझ्या जावेच्या उकळीने नव्हे. मालक दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याला दिसलं, मला दिसलं, दोघंही तारखांबद्दल बोलत राहिलो. मी गप्प बसले नसते तर ती गरोदर पोर सलाइनवर गेली नसती. हे माझ्या नावाने, माझ्या सहीने.

आता मालक, तुम्ही बोला. मला तारखा नकोत, भरपाई नको. त्या माणसाचं नाव सांगा, त्याला त्या हाताने कामावर कोणी उभं केलं ते सांगा आणि दोन, तीन, चार ही पानं घेऊन वरळीला त्या वहिनीच्या दारात या. मी आधीच येऊन उभी असेन. तिच्या आईला काय उत्तर द्यायचं ते तिथे, माझ्या समोर द्या.